अनेकांचा एकच दावा

एकाच कृत्यामुळे हजारो जणांचे नुकसान होते, पण प्रत्येकाचे इतके थोडे की त्यातून वकिलाची फीसुद्धा सुटत नाही. अशा वेळी काही जणांनी सर्वांच्या वतीने न्यायालयात जाण्याची सोय म्हणजे प्रातिनिधिक दावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १, नियम ८ ही त्याची भारतातली जुनी वाट. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, सर्व संबंधितांना नोटीस किंवा जाहीर सूचना द्यावी लागते आणि तिचा खर्च वादीच्याच माथी पडतो. निकाल सर्वांना बांधतो. म्हणून प्रतिनिधीला परस्पर तडजोड करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ मध्येही ही सोय आहे. मात्र ज्यांच्या वतीने तक्रार केली त्या सर्वांचे हित एकच कसे, हे तक्रारीतच मांडायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘ब्रिगेड एंटरप्रायझेस’ प्रकरणात बजावले.

भागधारकांसाठी ही वाट किती अपुरी होती, ते ‘सत्यम’ कंपनीच्या प्रकरणाने दाखवले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या लबाडीची कबुली दिली आणि शेअर कोसळला. अमेरिकेच्या बाजारात सत्यमचे रोखे घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा लावला व कंपनीकडून तडजोडीत साडेबारा कोटी डॉलर मिळवले. त्याच लबाडीने पोळलेल्या भारतातल्या सामान्य भागधारकांच्या हाती तशी भरपाई पडली नाही. हा अन्याय उघड होता.

भागधारकांना अशा सामूहिक दाव्याची वाट देणारे कंपनी कायदा, २०१३ चे कलम २४५ जून २०१६ पासून लागू झाले. मोठ्या कंपनीचे १०० सभासद एकत्र आले तरी ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात आणि कंपनी, संचालक, लेखापरीक्षक, सल्लागार अशा सर्वांकडून भरपाई मागू शकतात. बँका मात्र या कलमाबाहेर आहेत.

एवढे असूनही या कलमाखाली फारच थोडे अर्ज झाले. खरी अडचण पैशाची आहे. अमेरिकेत वकील स्वतः खर्च करतो आणि जिंकल्यास भरपाईतून वाटा घेतो. भारतीय वकिलांना निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून कायदेशीर खर्च परत मिळू शकतो, पण न्यायाधिकरणाने मंजूर केला तरच. तोवर तो भागधारकांनाच खिशातून करावा लागतो.