परदेशी शिक्षणाचा पैसा आणि आपली करव्यवस्था

१९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची. तो भार संस्थानाने उचलला होता. आज परदेशी शिक्षणाचा खर्च बहुधा आई-वडिलांच्या बचत खात्यातून होतो, आणि त्या खात्यापासून विद्यापीठापर्यंतची वाट प्रवेशपरीक्षेइतकीच कस पाहणारी ठरते.

ही वाट पूर्वी याहून अरुंद होती, हे मान्य केले पाहिजे. १९७३ च्या कायद्याच्या नावात परकीय चलनाचे ‘नियमन’ होते आणि त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा होता. जून २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ‘व्यवस्थापन’ हा शब्द स्वीकारला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा व्यक्तीमागे वार्षिक मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती अडीच लाख डॉलर आहे.

खरी अडचण आता कराच्या बाजूने येते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने स्रोतावरील करसंकलनाची मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर नेली आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेली रक्कम त्यातून वगळली. हेतू चांगला होता. परंतु जो शेतकरी जमिनीचा तुकडा विकून किंवा दागिने गहाण ठेवून मुलीची फी भरतो, त्याला ही सवलत नाही. त्या वर्षीच्या पाच टक्के दराने २५ लाखांवर त्याचे ७५,००० रुपये अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, हे खरे. पण फीची मुदत परताव्याची वाट पाहत नाही. पगारदार पालकाला ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम पगारावरील करकपातीत वळती करून घेता येते. शेतकऱ्याला पगार कुठला?

मर्यादा पैसे पाठविणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र असते. दोघांचेही पैसे असतील तर आई-वडिलांनी ते आपापल्या खात्यांतून पाठवावेत. पहिला हप्ता मार्चमध्ये आणि उरलेला एप्रिलनंतर भरता आला तर आणखी उत्तम.

परदेशी सरकारांच्या अटी निराळ्याच. ब्रिटनच्या व्हिसासाठी आवश्यक रक्कम सलग २८ दिवस विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या खात्यात पडून असावी लागते. मामाने ऐन वेळी दाखविलेली शिल्लक चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून रोधित खात्यात ११,९०४ युरो मागितले. तेथे पोहोचल्यावर त्यातले दरमहा ९९२ हाती येतात.

माझ्या भाचीची फी तीस युरोंनी कमी पोहोचली. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपले शुल्क कापून घेतले होते आणि तेवढ्यासाठी तिची नोंदणी नऊ दिवस अडली. ‘सर्व शुल्क पाठविणाऱ्याकडे’ हा पर्याय अर्जावर छापलेला होता. तो भरताना मी शेजारीच बसलो होतो, आणि चाळीस वर्षे सरकारी अर्ज वाचण्यात घालवूनही ती ओळ माझ्या नजरेतून निसटली.

आणखी एक काम सहसा राहून जाते. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या खुलाशानुसार परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी मानला जातो. त्याचे इथले बचत खाते त्यामुळे अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. विमानतळावर निघण्यापूर्वी, सही करणारा हात देशात असतानाच, त्याची चौकशी करून ठेवलेली बरी.