जपानी कार्टूनमधली मुलगी

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची. घराघरांतली मुलं आंघोळी टाकून टीव्हीसमोर बसायची. ती मालिका मूळची जपानी होती, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. पुढच्या दशकात डोरेमॉन आला, शिनचॅन आला, आणि आता तर मराठी घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला टोकियोतली गल्ली आपल्या आळीइतकीच ओळखीची झाली आहे. मुलं काय बघतात याची चिंता आपण करतो. ती बहुतेक मारामारीची असते, नाहीतर डोळे बिघडण्याची. पण या चित्रांमधल्या मुली कशा आहेत, त्या काय करतात आणि त्यांच्याकडून काय करून घेतलं जातं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज तोच विचारू या.

सुरुवात ओळखीच्या घरापासून करू. डोरेमॉनमधली शिझुका सगळ्यांना माहीत आहे. हुशार, गोड बोलणारी, नीटनेटकी. नोबिता आळशी आणि रडका. तरी मोठेपणी शिझुका त्याचीच बायको होणार, हे ठरलेलं. शिझुकाला आंघोळीची फार आवड, आणि नोबिता चुकून तिच्या न्हाणीघरात जाऊन पोचतो, हा या मालिकेतला वर्षानुवर्षांचा विनोद. ती किंचाळते, तो पळतो, प्रेक्षक हसतात. मुलांच्या मालिकेतला हा विनोद कुणाच्या जिवावर चालतो, हे जरा थांबून पाहायला हवं.

गंमत पुढेच आहे. डोरेमॉनच्या अगदी पहिल्या कथेत भविष्यातून नोबिताचा वंशज येतो आणि त्याला सांगतो, की तुझं लग्न शिझुकाशी नाही, जियानची बहीण जायको हिच्याशी होणार आहे. जायको जाडी आणि भावासारखीच दांडगी. नोबिताचं भविष्य ‘बिघडलेलं’ आहे, याचा एक पुरावा म्हणजे ही बायको! ते भविष्य सुधारायला डोरेमॉन येतो. म्हणजे शिझुका हे बक्षीस आणि जायको ही शिक्षा. पण पुढच्या कथांमध्ये लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी याच जायकोला एक छंद दिला. तिला चित्रकथा काढायच्या असतात. ती टोपणनाव घेते, कागदांवर कागद खरडते, नकार आला की पुन्हा बसते. शिझुकाला मोठेपणी काय व्हायचंय, हे चटकन सांगता येत नाही. जायकोचं मात्र पक्कं ठरलेलं आहे.

मुलगी सुंदर आहे की नाही, ती शूर आहे की भित्री, हे प्रश्न मग मागे पडतात. खरा प्रश्न असा, की तिला स्वतःला काही हवं आहे का? आणि ती कुणासाठी रंगवली आहे?

जपानमध्ये ॲनिमेशनपटांना ‘ॲनिमे’ म्हणतात आणि त्यांतले पुष्कळसे ‘मांगा’वरून, म्हणजे मासिका-साप्ताहिकांत क्रमशः येणाऱ्या चित्रकथांवरून, तयार होतात. ही नियतकालिकं वाचकांप्रमाणे वाटलेली आहेत. मुलग्यांची वेगळी, मुलींची वेगळी, मोठ्यांची त्याहून वेगळी. त्यामुळे विकत घेणारा कोण, हे चित्र काढण्याआधीच ठरलेलं असतं. मुलीचं रूप ठरतं ते तिथं.

जपानी मांगाचे पितामह ओसामू तेझुका यांनी १९५३ साली मुलींच्या मासिकात एक कथा सुरू केली. नायिका राजकन्या सफायर. जन्माआधी एका खट्याळ देवदूताच्या खोडीमुळे तिला दोन हृदयं मिळतात, एक मुलाचं आणि एक मुलीचं. राज्याचा वारस पुरुषच हवा, म्हणून ती राजपुत्राच्या वेषात वाढते, तलवार चालवते. १९६७ साली त्याची दूरचित्रवाणी मालिका झाली. तेझुकांचं बालपण ताकाराझुका या गावी गेलं. तिथल्या प्रसिद्ध नाटक मंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. सफायरचा पुरुषी रुबाब तिथूनच आला. त्या काळात लाखो मुलींनी एक मुलगी घोड्यावर बसून लढताना पाहिली, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण वाटणी पाहा. शौर्य ते मुलाच्या हृदयाचं, हळवेपणा तो मुलीच्या. पराक्रम करायचा तर तो उसनाच आणायचा.

त्याच सुमारास, १९६६ साली, ‘सॅली’ नावाची छोटी चेटकीण पडद्यावर आली. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या मालिकेत जादू जाणणारी गृहिणी होती. त्यावरून सुचलेली ही कल्पना. तिच्यामागून १९६९ साली आक्को आली. हिच्याकडे आरशाची जादूची डबी. डबी उघडून मंत्र म्हटला, की हवं ते रूप घेता येतं. तशीच डबी खेळण्यांच्या दुकानातही मिळू लागली. इथून ‘जादूची मुलगी’ हा प्रकारच रूढ झाला आणि त्याचं अर्थकारणही. मालिकेला पैसा पुरवायचा खेळणी बनवणाऱ्यांनी, म्हणून नायिकेच्या हाती विकता येईल अशी वस्तू हवी. या गोष्टींत आणखी एक धागा दिसे. जादू ही बालपणापुरती. वेळ झाली की ती सोडायची आणि शहाण्या मुलीसारखं मोठं व्हायचं.

हे चित्र हललं ते स्त्रिया स्वतः लेखणी घेऊन बसल्या तेव्हा. १९४९च्या आसपास जन्मलेल्या चित्रकर्तींची एक पिढी सत्तरच्या दशकात पुढे आली. रियोको इकेदा ही त्यातलीच मानली जाते. तिची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा १९७२ साली सुरू झाली आणि १९७९ साली तिची मालिका आली. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. ऑस्कर ही एका सेनापतीची मुलगी. बापाने तिला मुलासारखं वाढवलेलं, राणीच्या रक्षक दलाची ती अधिकारी. वरवर पाहता ही सफायरचीच बहीण. पण हिला उसन्या हृदयाची गरज लागत नाही. ती डोळ्यांनी पॅरिसची भूक पाहते, राजवाड्यातला थाट पाहते आणि शेवटी आपलं पद सोडून लोकांच्या बाजूने बॅस्तीलच्या लढाईत उतरते. तिथेच ती मरते. जपानमध्ये बायका तिच्यासाठी रडल्या. बाजू कोणती घ्यायची, हे तिचं तिनं ठरवलं होतं.

नव्वदच्या दशकात नाओको ताकेउचीच्या ‘सेलर मून’ने जादूच्या मुलीची गोष्ट पालटली. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९७ या काळात तिचे २०० भाग झाले. नायिका उसागी चौदा वर्षांची, अभ्यासात ढ, खादाड, रडूबाई. तरी जगाला वाचवायची जबाबदारी तिच्यावर. ती एकटी लढत नाही, मैत्रिणींची फळी घेऊन लढते. मुलग्यांच्या मालिकांत असे पाच वीरांचे संघ आधीपासून होते. इथे पाचही मुली. पुढे २००४ साली ‘प्रिक्युअर’ आली. मुलींनाही दांडगाई करावीशी वाटते, हा तिच्या निर्मात्याचा साधा विचार. त्यामुळे कांडी फिरवण्याऐवजी मुली थेट ठोसे मारू लागल्या. ही मालिका नव्या नव्या नायिकांसह वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. अर्थात तिच्याही पाठीशी खेळण्यांची कंपनी आहेच. बाजार गेला नाही. बाजाराला मुलींची एक खरी इच्छा उमगली, इतकंच.

आता नाण्याची दुसरी बाजू. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी वाहिन्यांवर मध्यरात्रीनंतर दाखवायच्या मालिका वाढल्या. त्यांचा मोठा ग्राहक म्हणजे तरुण आणि प्रौढ पुरुष. महागड्या चकत्या घेणारे, नायिकांच्या छोट्या मूर्ती कपाटात मांडणारे. १९९५च्या ‘इव्हॅन्जेलियन’मध्ये रेई नावाची एक मुलगी होती. फिकट, अबोल, आज्ञाधारक. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तिच्यात एक भयाण पोकळी दाखवली होती. ग्राहकांनी पोकळी बाजूला ठेवली आणि अबोलपणा उचलला. तिच्या छापाच्या कितीतरी मुली नंतर निघाल्या. गोड, लाजऱ्या, काही न मागणाऱ्या. वय शाळकरी, देह मात्र बघणाऱ्याच्या सोयीचा. दृश्य कोणतंही असो, चौकट घसरते ती त्यांच्या शरीराकडे. इथं मुलीला काही हवं नसतं. ती हवीशी असते.

स्त्रीने चित्र काढलं की हे आपोआप बदलतं, असंही नाही. रुमिको ताकाहाशी ही जपानमधली अत्यंत यशस्वी चित्रकर्ती. १९८१ साली मालिका झालेल्या तिच्या कथेतली लम ही परग्रहावरची मुलगी वाघाच्या कातड्याच्या तोकड्या कपड्यांत वावरते. ती कथा मुलग्यांच्या साप्ताहिकात येत होती. पण लमकडे स्वतःचा राग आहे, हट्ट आहे, विजेचा झटका द्यायची ताकद आहे. नायकाला ती सुखाने झोपू देत नाही. कपडे बाजाराचे, स्वभाव लेखिकेचा, अशी ही तडजोड.

या सगळ्या बघणाऱ्या डोळ्यांकडेच आरसा फिरवला तो सातोशी कोन यांनी. त्यांचा ‘परफेक्ट ब्लू’ हा चित्रपट १९९७चा. मीमा ही गाणाऱ्या मुलींच्या गटातली लाडकी गायिका अभिनेत्री व्हायचं ठरवते. तिच्या एका चाहत्याला हे सहन होत नाही. त्याच्या मनातली निष्पाप मीमाच खरी आणि समोरची, हाडामांसाची, बदलू पाहणारी मीमा तोतया! पाहता पाहता मीमालाही आपण कोण, हे कळेनासं होतं. चित्रपट मोठ्यांचाच आहे आणि भीतीदायक आहे. पण मुलीला बाहुली करून ठेवलं की काय होतं, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखवलं.

हायाओ मियाझाकींचं नाव इथे घ्यायलाच हवं. मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी करावं, असं त्यांच्या मनात आलं. मुलींची मासिकं चाळली तर त्यांत नुसती प्रेमप्रकरणं. म्हणून त्यांनी ‘स्पिरिटेड अवे’ केला. तो २००१ साली आला, बर्लिनला सर्वोच्च पारितोषिक आणि २००३च्या सोहळ्यात ऑस्कर घेऊन गेला. त्यातली चिहिरो दहा वर्षांची, काटकुळ्या पायांची, जराशी कुरकुरी. आईबाप डुकरं झालेले. देवांच्या स्नानगृहात तिला काम मागावं लागतं. मालकीण तिचं नाव काढून घेते. चिहिरो तलवार चालवत नाही, कुणाच्या प्रेमात वेडी होत नाही. फरशी पुसते, घाणेरडी न्हाणी घासते, भीत भीत जिने उतरते आणि स्वतःचं नाव विसरायचं नाही, एवढं धरून ठेवते. तिचं शौर्य ते हेच. त्याआधीच्या, १९९७च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये एबोशी ही लोखंडाच्या भट्टीची मालकीण आहे. वेश्यालयांतून सोडवून आणलेल्या बायकांना ती काम आणि मान देते. तीच जंगल तोडते, देवावर बंदूक रोखते. तिला देवी म्हणता येत नाही, राक्षसीण म्हणता येत नाही. आपल्या ओळखीच्या माणसांसारखी ती आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओचा एकही मोठा चित्रपट आजवर स्त्रीने दिग्दर्शित केलेला नाही. या धंद्यात बायका पहिल्यापासून होत्या, पण पुष्कळशा रंग भरण्याच्या टेबलावर. रेइको ओकुयामा पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तोएई कंपनीत शिरली. लग्न झालं, मूल झालं की बाईने घरी बसावं, अशी तेव्हाची अपेक्षा. ती बसली नाही. मूल सांभाळून चित्रं काढत राहिली आणि नावाजलेली ॲनिमेटर झाली. तिच्या आयुष्यावरून सुचलेली नायिका २०१९ साली जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकेत लोकांनी पाहिली. क्योटो ॲनिमेशन हा नामवंत स्टुडिओदेखील १९८१ साली योको हात्ता या बाईने आसपासच्या गृहिणींना रंगकामाला बसवून सुरू केला. तिथेच घडलेल्या नाओको यामादाने २०१६ साली ‘ए सायलेंट व्हॉइस’ दिग्दर्शित केला. त्यातल्या कर्णबधिर मुलीचा शाळेत छळ होतो. यामादा तिला दयेची वस्तू करत नाही. तिचे हात, पावलं, थबकणं टिपत तिच्या मनाशी पोचते.

मग आपण घरात काय करायचं? टीव्ही बंद करणं सोपं, पण त्यानं काही कळत नाही. मुलांबरोबर बसावं आणि तीन प्रश्न विचारावेत. या मुलीला स्वतःला काय हवंय? ती नसती तर गोष्ट अडली असती का? आणि चित्र तिच्या चेहऱ्याकडे बघतंय, की दुसरीकडेच? मुलांना हे प्रश्न चटकन कळतात. हिंदी-मराठी मालिकांनाही ते लावून पाहायला हरकत नाही.

आणि डोरेमॉन लागला, तर जायकोकडे जरा लक्ष ठेवा. नोबिताच्या गोष्टीत ती हसण्यापुरती येते खरी. पण त्या गल्लीतल्या साऱ्या मुलींत लेखणी तेवढी तिच्याच हातात आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)