न केलेल्या कृतीचा गुन्हा

विहिरीत पडलेले मूल गटांगळ्या खात आहे. काठावरच्या माणसाला पोहता येते. तरीही तो जागचा हलत नाही. मूल दगावते. त्या माणसाने गुन्हा केला काय? त्याने मुलाला ढकललेले नाही, त्याला हातही लावलेला नाही. अशा वेळी कायदा आधी एकच गोष्ट विचारतो : हा माणूस त्या मुलाचा कोण? तो मुलाचा पिता असेल किंवा तेथे नेमलेला जीवरक्षक असेल, तर तो गुन्हेगार ठरू शकतो. निव्वळ वाटसरू असेल, तर बहुधा ठरत नाही.

हे उत्तर मनाला पटकन पटत नाही. त्यामागील विचार मात्र समजून घेण्याजोगा आहे.

गुन्ह्याला सामान्यतः दोन अंगे असतात : अपराधी मन आणि अपराधी कृती. मनात कितीही वैर असले, तरी केवळ त्याबद्दल शिक्षा होत नाही. काही तरी घडावे लागते. परंतु हात न उचलताही माणसाचा जीव घेता येतो. म्हणून १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘कृती’ या शब्दात बेकायदेशीर अकृतीचाही समावेश केला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हे तत्त्व तिच्यातही कायम आहे. येथे ‘बेकायदेशीर’ हे विशेषण महत्त्वाचे. जे करण्यास माणूस कायद्याने बांधलेला आहे, ते न करणे ही बेकायदेशीर अकृती होय.

ही सीमारेषा आखताना लॉर्ड मेकॉले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३७ च्या मसुद्यात एका नदीचे उदाहरण घेतले होते. नदीला पूर आला आहे, उतार धोक्याचा आहे. हे ठाऊक असलेला एक जण, प्रवाशाचा जीव जावा म्हणूनच, त्याला काही सांगत नाही आणि प्रवासी बुडतो. गप्प राहणारा माणूस प्रवाशांना सावध करण्यासाठीच तेथे नेमलेला असेल, तर तो खुनी. वाट दाखवण्याचे काम पत्करलेला वाटाड्या असेल, तरी खुनी. पण माणुसकीपलीकडे ज्याच्यावर प्रवाशाचा कोणताही हक्क नाही, असा तो असेल, तर नाही. मौन तेच, परिणामही तोच. फरक फक्त कर्तव्याचा. माणुसकी नसणे निंद्य खरे, पण प्रत्येक निंद्य गोष्टीसाठी तुरुंग ठेवायचा, तर कोणाकोणाला आत घालणार?

घराच्या चार भिंतींत हे कर्तव्य किती कठोर ठरते, हे ओमप्रकाश विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात दिसले. पतीने पत्नीला घरात कोंडून दिवसेंदिवस उपाशी ठेवले होते. पाच-सहा दिवसांनी कधी तरी पाण्यात कालवलेला हरभऱ्याचा कोंडा तिला मिळे. एकदा ती निसटली, पण तिला बळजबरीने परत आणण्यात आले. अखेर जून १९५६ मध्ये दाराला कुलूप नसल्याची संधी साधून ती लुधियानाच्या रुग्णालयात कशीबशी पोहोचली आणि तिचे प्राण वाचले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाबद्दलची पतीची शिक्षा कायम ठेवली. मोकळेपणी वावरणाऱ्या धडधाकट माणसाला कोणी जेवू घातले नाही, तर गोष्ट वेगळी. ही स्त्री कोंडलेली होती, स्वतःचे अन्न मिळवण्याची वाटच तिला उरली नव्हती. उपासमार हळूहळू जीव घेते, म्हणून ती प्रयत्न ठरत नाही, असे न्यायालयाने मानले नाही.

कर्तव्य केवळ नात्यातूनच निर्माण होते, असे नाही. पत्करलेल्या कामातून ते येते. तुरुंगाधिकारी कैद्याचे अन्न रोखू शकत नाही. कधी ते थेट एखाद्या कायद्यातून येते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही प्रौढ व्यक्तीने तक्रार न करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. येथे शेजारी, शिक्षक, आप्त असा भेद नाही.

रस्त्यावरील अपघातात तर दोन्ही प्रकारची माणसे एकाच ठिकाणी उभी असतात. ज्याच्या वाहनाने अपघात झाला, त्या चालकाने जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व केले पाहिजे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते अशक्य झाले, तरच सूट. बघ्यांवर अशी सक्ती नाही. पुष्कळ जण मात्र पोलिसांच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीनेच मागे सरत. त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात एक नवे कलम आले : सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमीला पुढे काहीही झाले, तरी त्याबद्दल खटला भरता येत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.