दम लागतोय? थायरॉईडही तपासून घ्या

नळावरून दोन हंडे आणताना पूर्वी काही वाटत नव्हतं. आता एका हंड्यालाच दम लागतो, छाती धडधडते, हात थरथरतात, जेवण बरं असूनही अंग वाळत चाललंय. अशा बाईला घरात हमखास ऐकू येतं, "रक्त कमी असेल, टॉनिक घे." रक्त कमी असूही शकतं. पण थायरॉईड वाढलेला असू शकतो, आणि त्यापायी फुफ्फुसातला रक्तदाबही.

हा रक्तदाब वेगळा. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब विश्रांतीत सरासरी २० पर्यंतच असतो. तो वाढला की हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. मग चालताना दम, पायांवर सूज, कधी चक्कर. विहारातल्या शिबिरात बीपी-शुगर पाहतात, ते चांगलंच; पण दंडाच्या पट्ट्यावर हा दाब दिसत नाही. तिथला आकडा नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचं संप्रेरक जास्त झालं की हृदय जोरात धावतं, फुफ्फुसात जादा रक्त ढकललं जातं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो. ग्रेव्हज नावाच्या आजारात तर शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चेतवते. संप्रेरक कमी पडणारेही या रुग्णांत बरेच आढळतात. म्हणून फुफ्फुसाचा दाब वाढलेला दिसला की डॉक्टर थायरॉईड तपासायला सांगतात.

दिलासा असा, की जास्तीच्या थायरॉईडमुळे चढलेला दाब उपचारानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणांचा उतरतो. सगळ्यांचा नाही, काहींना फुफ्फुसाच्या दाबाची वेगळी औषधं लागतात.

सुरुवात रक्ताच्या टीएसएच तपासणीने होते. टू-डी इकोवर दाबाचा अंदाज येतो. पक्कं निदान नळी घालून दाब मोजल्यावर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. सोय तिथे नसेल तर मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या.

कार्बिमॅझोलची गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून पांढऱ्या पेशी तपासा. वजन उतरावं म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी घेऊ नका. तिनेही संप्रेरक वाढतं. आणि चालताना भोवळ येऊन कुणी पडलं, ओठ निळे दिसले, तर अंगारा-लिंबू करत बसू नका, १०८ ला फोन लावा.