झिप वाचायची ती शेपटाकडून

वर्डची एखादी 'डॉकएक्स' फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सगळी अगम्य चिन्हांची खिचडी. पण पहिली दोन अक्षरं स्वच्छ दिसतात, 'पीके'. 1989 साली झिप आणणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. वर्डची ही फाइल मुळात झिपच. एक्सेलची नवी फाइल, ई-पब पुस्तक, अँड्रॉइडची एपीके, सगळी त्याच गोत्रातली.

झिपची अनुक्रमणिका असते शेवटी. फायली एकापाठोपाठ लिहीत जायच्या आणि कोणती कुठे सुरू होते याची यादी शेपटाला जोडायची. लिहिणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याची पंचाईत. आधी शेवटाकडे जाऊन किमान 22 बाइटांची एक नोंद गाठायची. तिच्यामागे 65,535 बाइटांपर्यंत शेरा असू शकतो, त्यामुळे ती उलट्या दिशेनं चाचपडत शोधावी लागते. ती सापडली की यादीचा पत्ता मिळतो, यादीतून फाइलचा. दर खेपेला डिस्ककडे किंवा नेटवर्ककडे हात पसरणं आलंच.

आणि डिस्क मोठी संथ. मेमरीतून वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्डडिस्कवरून 10 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट! साध्या वाचनात तेवढा वेळ प्रोग्रॅमचा थ्रेड, म्हणजे त्याच्या कामाचा धागा, अडकून पडतो. असिंक्रोनस वाचनात तो मागणी नोंदवून दुसऱ्या कामाला लागतो. माहिती आली की अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं.

सी-शार्प भाषेत यासाठीचे 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द 2012 पासून आहेत. ही भाषा जिच्यावर चालते त्या डॉटनेट प्रणालीच्या झिप लायब्ररीत मात्र ही सोय 2025 मध्ये आली, डॉटनेट 10 बरोबर. त्यातली एक अडचण गमतीची. सी-शार्पच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, 'अवेट' चालत नाही, आणि शेपटाची ती नोंद वाचायचा नेमका कन्स्ट्रक्टरच. मग 'क्रिएटअसिंक' ही वेगळी मेथड द्यावी लागली.

टेपसाठी जन्मलेल्या 'टार' या फाइल-प्रकाराला शेपटाकडून वाचायची ही कटकट नाही. 512 बाइटांचं हेडर, मग फाइल, पुन्हा हेडर, अनुक्रमणिकाच नाही. नेटवर्कवरून येता येता ती वाचता येते. झिप अशी येऊ लागली, तर डॉटनेट ती आधी अख्खी मेमरीत घेतं.

असिंक्रोनस केल्यानं झिप लवकर उलगडते, हा समज मात्र खोटा. दाबून बसवलेला डेटा मोकळा करणं हे प्रोसेसरचं काम, तिथे वाट पाहणं नसतंच. आपल्याच संगणकावर एखादी झिप उघडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं या भानगडीत पडू नये. एकाच वेळी शेकडो जणांच्या फायली स्वीकारणाऱ्या सर्व्हरनं मात्र जुनी पद्धत सोडावी.