ओसरीवरून सांगितलेला स्वयंपाक

महाराष्ट्रीय पाकविद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास ग्रंथांची उणीव भासत नाही. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्तांनी संस्कृतात 'भोजनकुतूहल' रचले; तंजावरच्या सरफोजीराजांच्या अमदानीचे (१७९८–१८३२) स्मरण देणारे 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत आहे; छापखाने आल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले, आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' एक हजार पाकक्रिया घेऊन वाचकांपुढे आले. परंतु पोथी उघडून पोळी लाटावयास शिकलेले मूल कोणत्याही घरात सहसा आढळावयाचे नाही, आणि म्हणून या विद्येचे खरे दप्तर कागदाबाहेर शोधावे लागते.

मामलेदार कचेरीत नवा मुलगा जसा बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू होई आणि बासने बांधता बांधता कारकुनी शिके, तशीच स्वयंपाकघरातही एक उमेदवारी असे. तांदळातले खडे वेचणे, लसूण सोलणे, वाळवणापाशी बसून कावळे हाकणे, ही तिची पहिली पायरी. दिवाळीत करंजीची कड फिरकीच्या कातण्याने कातावयास मिळणे ही बढती. फराळाची भाजणी भाजताना प्रत्येक धान्य वेगळे का भाजावयाचे, हे कोणी समजावून सांगत नसे. चण्याच्या डाळीस लागणारा वेळ आणि तांदळास लागणारा वेळ कढईशी उभे राहिल्यानेच कळे. भोंडल्याच्या खिरापतीत तर जिभेची आणि कानाची परीक्षाच असे, कारण डबा हलवून, त्याचा आवाज ऐकून आतला पदार्थ ओळखावयाचा, आणि घरोघरच्या गृहिणी तो ओळखता येऊ नये म्हणून आपली सारी कल्पकता खर्च करीत.

या उमेदवारीचे एक दालन मात्र अभ्यासकांनी पुरेसे उघडलेले नाही, असे मला वाटते. सोवळे पाळणाऱ्या घरांत स्त्रीस महिन्याचे तीन दिवस बाजूस बसावे लागे. घरात दुसरे बाईमाणूस नसले, तर चूल मुलांच्या हाती जाई, आणि त्यांत मुंज झालेला दहा-बारा वर्षांचा मुलगाही असे. आई मागील दारच्या पडवीत घोंगडीवर, मुलगा आत चुलीपुढे, मध्ये भिंत. "तांदळावर बोटाचं पेरभर पाणी आलं का रे? मोहरी तडतडली की मग हिंग घाल, आधी नको." मोहरीचा आवाज पडवीपर्यंत पोहोचे, तो वेळेवर आला नाही, की तेल अजून तापले नाही हे तिला बसल्या जागी समजे, आणि करपट वास आला की "उतरव आधी!" असा हुकूम सुटे. रूढी निःसंशय अन्यायाची होती, आणि ती ओसरत चालली हे इष्टच झाले. तथापि एरवी हातच जाणत असलेली गोष्ट शब्दांत मांडण्याची सक्ती त्या माउलीवर याच तीन दिवसांत होई. आणि पुढे पुण्या-मुंबईस खोली करून राहणारे कित्येक विद्यार्थी पिठले-भात स्वहस्ते करून खाऊ शकले, त्याचे श्रेय या भिंतीआडच्या शाळेस दिले पाहिजे. शेतावर राबणाऱ्या घरांत सोवळ्याचा प्रश्न सहसा येत नसे. तेथे आई रानात गेली, म्हणून थोरली मुलगी भाकरी थापावयास बसे.

सांगून शिकवता येत नाही असे काही उरतेच. अनारशाचे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, सावलीत फडक्यावर पसरून ते किंचित ओलसर असतानाच कुटावयाचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवावयाचे, येथवर कागद साथ देतो. पण खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवीत तळताना जर हसला, म्हणजे तुपात पसरून जाळीजाळी झाला, तर गूळ अधिक पडला की पीठ सैल राहिले, हे कढईतल्या त्या विखुरलेल्या तुकड्यांकडे पाहून आजी क्षणात सांगे. ते सांगण्यासाठी मूल शेजारी असावे लागते. हसलेला अनारसा खावयास मिळावा या लोभाने ते असतही असे!

मापांची कथा थोडी निराळी आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही कोष्टके मुलांना तोंडपाठ असत. १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि ही जुनी मापे हळूहळू मागे पडली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी आणि चमचा हे प्रमाण धरून परगावी संसार मांडलेल्या मुलींचा मार्ग सुकर केला, हा त्या ग्रंथाचा मोठा गुण. तरीही आपल्या आजीची वाटी ही छापील ग्रंथातील वाटी नव्हे. प्रत्येक घराचे पाकशास्त्र एका विवक्षित पितळी वाटीस बांधलेले असते, आणि ती वाटी भांडी वाटून घेताना कोणाच्या वाट्यास गेली, हे पुष्कळ घरांत कोणास सांगता येत नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. यंदा फराळाचा घाट घालाल तेव्हा घरातील मुलाच्या हाती सोऱ्या द्या, मुलगा असला तर अगत्याने द्या. आणि आजीची वाटी अद्याप घरात असेल, तर तीत किती ग्रॅम तांदूळ मावतात ते त्याच्याकडूनच तोलून घेऊन घरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहवून ठेवा.