मांडुळाचे दुसरे तोंड

'बोआ' म्हटले की दक्षिण अमेरिकेच्या जंगलात फांदीला वेटोळे घालून बसलेला जाडजूड साप डोळ्यांसमोर येतो. त्याचा एक भाऊबंद आपल्या ज्वारी-बाजरीच्या शिवारात राहतो. ते म्हणजे मांडूळ. अजगर अंडी घालतो. मांडुळाची मादी मात्र बहुतेक बोआंप्रमाणे थेट पिल्लांना जन्म देते.

मांडूळ कोरड्या मुलखातले. इराणपासून दख्खनपर्यंत जिथे माती भुसभुशीत आणि उंदीर मुबलक, तिथे ते असते. पाचरीसारखे तोंड, बारीक डोळे, गुळगुळीत अंग, सारी घडण मातीत शिरण्याची. दिवसा जमिनीखाली पडून राहायचे आणि रात्री उंदराला विळख्यात आवळायचे, हा त्याचा दिनक्रम. लांबी जेमतेम तीन फूट, विष मुळीच नाही.

नवल आहे ते शेपटीचे. ती निमुळती होत नाही. डोक्यासारखीच बोथट असते. संकट आले की मांडूळ डोके वेटोळ्याखाली दडवते आणि शेपटी पुढे करते. शत्रूचा घाव शेपटीवर पडतो, जीव वाचतो. अनेक मांडुळांच्या शेपटीवर असे जुने व्रण दिसतात.

मुंगसाला चकवणाऱ्या याच युक्तीने माणसांत मात्र त्याचा घात केला. 'दुतोंड्या' हे नाव पडले. सहा महिने एका तोंडाने चालतो, सहा महिने दुसऱ्या, अशी समजूत रूढ झाली. गारुड्यांनी शेपटीवर डोळ्या-तोंडाच्या खुणा करून तिला खतपाणी घातले. पुढे गुप्तधन आले, पैशांचा पाऊस आला आणि वजनावर भाव ठरू लागला. (त्याच्या जातभाईचे, डुरक्या घोणसाचे, नशीब उलटे. अंगावरच्या ठिपक्यांमुळे लोक त्याला विषारी घोणस समजतात आणि ठेचतात.)

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. तरी छापे पडतात, मांडूळ 'मुद्देमाल' म्हणून जप्त होते. ते कुठल्या शिवारातून उचलले, हे पकडणारा सांगतोच असे नाही. मग त्याला सोडायचे कुठे, हा वनखात्यापुढचा खरा पेच. माझ्या मते अंधश्रद्धेच्या चर्चेत एक गोष्ट निसटते. मांडुळात मादी नरापेक्षा मोठी असते. म्हणजे गिऱ्हाईक जड मांडूळ मागते, तेव्हा शिवारातून बहुधा पिल्ले देणारी मादीच उचलली जाते, आणि उंदीर तेवढे मागे उरतात.